पद्मिनीच्या इंजिनाची पुढची बाजू: बेल्ट, वॉटर बॉडी आणि ऑइल सील बदलताना

खंबाटकी घाटाच्या निम्म्यावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला आणि बाबांनी गाडी लगेच कडेला घेऊन बंद केली. मी वैतागलो. दिवा चार्जिंगचा होता, बॅटरी भरलेली होती, साताऱ्यापर्यंत सहज पोचलो असतो. बाबा काही बोलले नाहीत. बॉनेट उघडून त्यांनी बोट दाखवलं. फॅन बेल्ट तुटून खाली लोंबत होता. ज्या बेल्टवर बॅटरी चार्ज करणारा डायनामो फिरतो त्याच बेल्टवर पंखा आणि पाण्याचा पंपही फिरतो. दोन-तीन किलोमीटर तसंच रेटलं असतं तर इंजिन तापून हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, वाकलं असतं.

नवा बेल्ट तिथेच टाकला. तो महिनाभरात कडेने उसवला. मग कळलं की बेल्टचा दोष कधीच नव्हता. पंपाचं बेअरिंग झिजून पुली एका बाजूला कलली होती आणि बेल्ट रोज थोडा थोडा कापला जात होता. त्या दिवसापासून एक नियम पाळतोय: जुना भाग का गेला हे कळल्याशिवाय नवा बसवायचा नाही. पुढे जे लिहिलंय ते या एका नियमाभोवती आहे.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७८ सालची. घरात तिला फियाटच म्हणतात, आणि ते चूकही नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात फियाट ११०० बनवली, १९७४ पासून तिलाच पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. शिकायला याहून चांगली गाडी नाही, कारण बॉनेट उघडलं की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो.

पहिल्यांदाच हात घालत असाल तर दोन शनिवार-रविवार मोकळे ठेवा. पहिला खोलण्यासाठी आणि बघण्यासाठी, दुसरा बसवण्यासाठी. मधल्या आठवड्यात भाग शोधायचे. एका दिवसात उरकायला गेलं की संध्याकाळी सहाला घाईत बोल्ट तुटतो.

हत्यारं आणि तयारी

रिंग पाने आणि गोटी पान्यांचा एक चांगला संच, दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, लाकडी किंवा रबरी हातोडी, पुली ओढून काढायचा दोन किंवा तीन पायांचा पुलर. रॉकेल, तारेचा ब्रश, जुने टूथब्रश, एमरी पेपर, गंज सोडवणारं तेल, भरपूर चिंध्या. फिक्स पाना, म्हणजे उघड्या तोंडाचा, शक्यतो दूर ठेवा. जुन्या नटांचे कोपरे आधीच झिजलेले असतात, त्यात फिक्स पाना घसरला की नट गोल होतो आणि हात रेडिएटरच्या जाळीवर सोलवटतो.

सगळ्यात महत्त्वाचं हत्यार मात्र खोक्याचा पुठ्ठा आहे. वॉटर बॉडीचे, म्हणजे पाण्याच्या पंपाचे, बोल्ट एका लांबीचे असतीलच असं नाही. पुठ्ठ्यावर पंपाचा ढोबळ आकार काढा, जिथे बोल्ट आहे तिथे भोक पाडा आणि काढलेला बोल्ट त्याच भोकात खोचून ठेवा. टायमिंग कव्हरसाठी, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या साखळीवरच्या झाकणासाठी, वेगळा पुठ्ठा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तो तळाला टेकतो, आपण आवळत राहतो आणि ॲल्युमिनियमचे आटे जातात. मोबाइलवर फोटो काढाच, पण बोल्टची लांबी फोटोत कळत नाही.

गाडी सपाट जागी, इंजिन पूर्ण गार, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटा, गियर न्यूट्रलमध्ये. बॅटरीची अर्थची वायर काढा. गरम रेडिएटरचं टोपण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, टोपण फिरवताच ते तोंडावर उसळतं.

पाणी सोडणं

रेडिएटरच्या तळाशी तोटी असते, खाली परात ठेवून ती उघडा. ब्लॉकच्या कडेचीही उघडा, नाहीतर इंजिनात पाणी तसंच राहतं आणि पंप काढताना अंगावर येतं. ब्लॉकच्या तोटीतून काहीच आलं नाही तर आत पाणी नाही असं समजू नका. गाळ बसलेला असतो. पातळ तारेने टोचा, तांबडा चिखल सुटेल.

हा चिखल नीट बघा, कारण पुढची बरीच उत्तरं त्यात आहेत. तांबडं पाणी म्हणजे ब्लॉक आतून गंजतोय. पांढरी खर म्हणजे बोअरवेलचं किंवा नळाचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलंय. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा दह्यासारखा थर दिसला तर थांबा. हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग गेल्याचं ते लक्षण असू शकतं आणि पंप बदलून ते दुखणं जाणार नाही. कूलंट असेल तर ते परातीत उघडं ठेवू नका. ते चवीला गोड लागतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

रेडिएटर आणि पंखा

वरचा आणि खालचा होज, म्हणजे रबरी नळी, सोडवा. जुना होज पाइपाला चिकटून बसला असेल तर ओढू नका, पितळी पाइपाचा डाग, म्हणजे सोल्डरचा सांधा, उखडतो. होज ब्लेडने उभा चिरून सोला. तो तसाही बदलायचाच आहे. कडेचे बोल्ट काढून रेडिएटर सरळ वर उचला. त्याआधी जाळीवर पुठ्ठा सरकवा, म्हणजे पंख्याच्या पात्याने पन्हळी चेपणार नाहीत.

रेडिएटर बाहेर आलाच आहे तर अंगणात उभा धरून वरून बादलीभर पाणी ओता. ज्या वेगाने ओतलं त्याच वेगाने खालून पडायला हवं. अडखळत असेल तर रेडिएटरवाल्याकडे न्या. तो टाकी उघडून नळ्यांतून पातळ पट्टी फिरवतो आणि पुन्हा डाग देतो. या गाड्यांचे रेडिएटर पितळ-तांब्याचे आहेत, ते दुरुस्त होतात. फेकून देऊन दुसऱ्या गाडीचा रेडिएटर बसवण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका.

पंखा काढताना त्याची पुढची बाजू कोणती, हे खडूने लिहून ठेवा. उलटा बसवलेला पंखा फिरतो, आवाजही करतो, पण हवा नीट ओढत नाही, आणि ही चूक नंतर सापडायला फार वेळ लागतो.

बेल्ट

डायनामोच्या वरच्या पट्टीचा बोल्ट आणि खालचे दोन्ही बोल्ट ढिले करा, डायनामो इंजिनाकडे ढकला, बेल्ट हाताने निघतो. स्क्रू ड्रायव्हरने पुलीच्या कडेवरून उचकटला तर आतला धागा तुटतो आणि नवा बेल्टसुद्धा पहिल्याच दिवशी अधू होतो.

आता पुल्या बघा. हा बेल्ट खाचेच्या दोन तिरक्या भिंतींना धरून फिरतो, तळाला टेकून नाही. खाचेचा तळ चकाकत असेल तर बेल्ट तळाला लागतोय, म्हणजे बेल्ट किंवा खाच झिजलेली आहे. मग लोखंडी पट्टी क्रँकच्या पुलीवरून पंपाच्या आणि डायनामोच्या पुलीपर्यंत धरा. तिन्ही एका रेषेत यायला हव्यात. आमच्याकडे हेच चुकलं होतं.

वॉटर बॉडी

पंपाला गॅरेजमध्ये वॉटर बॉडी म्हणतात, दुकानातही तेच नाव सांगा. काढण्याआधी पुली दोन्ही हातांनी धरून हलवा. किंचितही खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं. बॉडीच्या पोटाला एक बारीक भोक असतं. तिथे पाण्याचे ओघळ किंवा तांबडी रेघ दिसली तर आतलं सील गेलं. ते भोक एम-सीलने बुजवलेलं मी दोन गाड्यांत पाहिलंय. असं केल्यावर गळती दिसायची थांबते आणि तेच पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. भोक मोकळंच हवं.

आदल्या रात्री प्रत्येक बोल्टवर गंज सोडवणारं तेल सोडा. सकाळी बोल्ट आधी केसभर आवळण्याच्या दिशेने फिरवा, टक असा बारीक आवाज आला की उलटा फिरवा. पाव फेरा पुढे, थोडा मागे, पुन्हा तेल. हात सांगतो. बोल्ट फिरतोय पण रबरासारखा लवचीक वाटतोय तर तो पिळवटतोय, लगेच थांबा. तुटलाच तर घाबरू नका, पण बरोबर मध्यावर ड्रिल मारण्याचा सराव नसेल तर स्वतः प्रयत्न करू नका. लेथवाल्याकडे ते अर्ध्या तासाचं काम आहे, वाकड्या ड्रिलनंतर तेच काम दिवसभराचं होतं.

बॉडी चिकटलेली असेल तर लाकडी हातोडीने कडेने टकटक करत फिरा. सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. तिथे पडलेला ओरखडा पुढे आयुष्यभर पाणी गाळतो.

बाहेर आल्यावर पाणी फेकणारं आतलं चाक बघा. पाती खाल्लेली, पातळ झालेली दिसतील. बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचं हेड क्षारांच्या पाण्यात एकत्र आले की एक धातू दुसऱ्याला खातो. म्हणून नळाचं पाणी घालायचं नाही. पंप ‘आपोआप’ जात नाही, तो पाण्याने जातो.

नवा पंप जुन्याच्या शेजारी टेबलावर उभा करा आणि पुली बसते त्या तबकडीची उंची मोजा. दोन मिलिमीटरचा फरकही बेल्ट कापतो. बोल्टची भोकं, चाकाचा व्यास, आसाचा गुळगुळीतपणा, सगळं ताडून घ्या. बेअरिंग आणि सीलचं किट मिळतं, पण ते बसवायला प्रेस लागते. हातोडीने ठोकलेलं नवं बेअरिंग आतून जखमी होतं.

जुनं पॅकिंग बोथट पट्टीने खरवडून काढा आणि ते खरवडताना भोकात चिंधी कोंबा, नाहीतर कचरा इंजिनात जातो. चिंधी नंतर काढायला विसरू नका. नवं पॅकिंग मिळालं नाही तर पॅकिंग पेपर आणून जुन्याच्या मापाने कात्रीने कापा. दोन्ही बाजूंना सीलंटचा अगदी पातळ हात पुरे. जाड थर लावला की तो आतल्या बाजूला पिळून निघतो, सुटतो आणि रेडिएटरच्या नळीत अडकतो. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, तीन टप्प्यांत आवळा. किती जोर लावायचा ते वर्कशॉप मॅन्युअलमध्ये बघा.

थर्मोस्टॅट: काढून टाकू नका

थर्मोस्टॅट म्हणजे तापमानानुसार रेडिएटरकडचं पाणी उघडणारी-मिटणारी झडप. यावर थोडं थांबतो, कारण आपल्याकडे हा भाग बऱ्याच जुन्या गाड्यांत नसतोच. गाडी गरम होते म्हटलं की मिस्त्री पहिल्यांदा तोच काढून फेकतात: ‘आपल्या हवेत कशाला हवा तो?’ हेतू चांगला असतो, निदान चुकीचं. थर्मोस्टॅट इंजिन लवकर तापवतो आणि मग योग्य तापमानाला धरून ठेवतो. तो नसला की इंजिन बराच वेळ गार चालतं, पेट्रोल जास्त पितं, तेलात पाणी साचून चिखल होतो, सिलिंडर लवकर झिजतात. आणि मूळ दुखणं, म्हणजे चोंदलेला रेडिएटर किंवा खाल्लेला पंप, तसंच राहतं.

चालतो की नाही हे घरी कळतं. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, आणि गॅसवर ठेवा. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर उत्तम. त्याच्या अंगावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप उघडू लागली पाहिजे आणि पाणी गार होताना पूर्ण मिटली पाहिजे. उकळी आली तरी न उघडणारा थर्मोस्टॅट फेका आणि नवा आणा. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे.

पुढचं ऑइल सील आणि टायमिंग कव्हर

नवशिक्यांनी इथे एक प्रामाणिक प्रश्न विचारावा: क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीमागून खरंच तेल गळतंय का? वरून, टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून झिरपलेलं तेलही ओघळत तिथेच येतं. म्हणून काही खोलण्याच्या आधीच सगळं रॉकेलने धुवा, कोरडं करा, दोन दिवस चालवा, मग बघा. गळती नसेल तर कव्हर उघडू नका.

गळत असेल तर तेव्हाच तेल भरायचं टोपण काढून इंजिन चालू ठेवा. तिथून धूर भसाभस येत असेल तर आत दाब तयार होतोय. इंजिनाची श्वासनळी, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणारी नळी, चोंदली असेल तर ती साफ करा. पिस्टन रिंगा झिजल्या असतील तर नवं सीलही काही महिन्यांत गळणार, हे मनाशी धरून ठेवा.

क्रँकच्या पुलीसमोरचा मोठा बोल्ट म्हणजे ज्यात इंजिन हाताने फिरवायचं हँडल अडकतं तोच. तो सोडवण्याआधी हँडलने इंजिन फिरवून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आणा आणि पुलीवरची खूण बघून फोटो काढा. मग वरचा गियर टाका, मदतनीसाला ब्रेक दाबून बसवा आणि लांब पान्याने बोल्ट सोडवा. पुली पुलरनेच काढा. कडेवर हातोडी मारली तर बिडाची पुली चिरते. जागा अपुरी पडली तर पुढची जाळी काढा, तिचे स्क्रू थोडेच असतात. पुलीखाली अर्धचंद्रासारखी छोटी चावी असते, ती खाली पडून हरवते. डबीत ठेवा.

कव्हर काढताना खालच्या बाजूला ते ऑइल चेंबरच्या (तळाच्या तेलाच्या टाकीच्या) पॅकिंगवर बसलेलं असतं. ते पॅकिंग फाटू नये म्हणून ब्लेड हळूच आत फिरवा. कव्हर निघालं की टायमिंगची साखळी दिसेल. दोन्ही चाकांवरच्या खुणा शोधा, फोटो काढा आणि त्यानंतर इंजिन अजिबात फिरवू नका. साखळी उतरवून नुसता क्रँक किंवा व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवला तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतो. साखळी सैल असेल तर ती दोन्ही चाकांसकट बदला. झिजलेल्या दातांवर नवी साखळी लवकर झिजते.

सीलवर तीन आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. गाडीचं नाव न घेता नुसते आकडे सांगितले तरी बेअरिंगच्या दुकानात सील मिळतं. स्प्रिंग असलेली बाजू आत, तेलाकडे. ओठाला थोडं ग्रीस लावा आणि सपाट लाकडी ठोकळ्याने सरळ आत बसवा. पुलीच्या दांड्यावरून नख फिरवा. जुन्या सीलने तिथे खाच पाडली असेल तर नवं सीलही त्याच खाचेतून गळणार. सील दोन मिलिमीटर मागे-पुढे बसवून त्याचा ओठ कोऱ्या जागेवर आणता येतो, किंवा लेथवर दांड्याला पातळ बुश चढवता येतो.

भाग कुठून

पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसची दुकानं आणि कुर्ल्याचा भंगार बाजार. जुना भाग सोबत नेल्याशिवाय जाऊ नका. धातूचा भाग जुन्या साठ्यातला, कागदात गुंडाळलेला, मिळाला तर डोळे मिटून घ्या. तसं बीड आता येत नाही. रबराचं उलट आहे. होज, सील, बेल्ट पंचवीस वर्षं पेटीत पडून राहिले तरी कडक होतात. ते ताज्या उत्पादनाचेच घ्या.

मूळ भाग जपण्याला आता कायद्याचंही कारण आहे. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, पण इंजिनात किंवा सांगाड्यात मोठा फेरबदल केलेला चालत नाही. पहिल्या पद्मिनी आता त्या वयाला पोचल्या आहेत.

पुन्हा बसवणं

क्रम उलटा. बेल्ट चढवल्यावर दोन पुल्यांमधल्या लांब भागावर अंगठ्याने दाबा. साधारण एक ते दीड सेंटिमीटर खाली गेला पाहिजे. घट्ट बेल्ट चांगला असं वाटतं, पण तो पंपाचं आणि डायनामोचं बेअरिंग खातो. ज्यासाठी इतकं केलं तेच पुन्हा मोडायचं काम तो करतो.

डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात मिसळून हळूहळू भरा. टोपण उघडं ठेवून इंजिन चालू करा, वरचा होज अधूनमधून चेपा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, आणखी भरा. सुरुवातीला वरचा होज गारच राहतो, मग एकदम गरम होतो. थर्मोस्टॅट उघडल्याची ती खूण. टोपण जुन्यावर लिहिलेल्या दाबाचंच लावा.

दहा मिनिटं तशीच चालू ठेवून टॉर्चने प्रत्येक सांधा बघा. इंजिन गार झाल्यावर क्लॅम्प पुन्हा आवळा, कारण नवा रबर तापून बसतो. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरा. सकाळी त्यावर पाण्याचा डाग कुठे आणि तेलाचा कुठे, यावरून कोणता सांधा पाहायचा ते कळतं. दीड-दोनशे किलोमीटरनंतर बेल्ट पुन्हा ताणा, नवा बेल्ट सुरुवातीला सैल पडतोच.

काढलेला पंप फेकू नका. मी माझा तारखेची चिठ्ठी लावून फडताळात ठेवलाय. मागच्या दिवाळीत मित्राच्या गाडीला नवा पंप आणला, तबकडीची उंची या जुन्याशी ताडून पाहिली आणि तो दुकानात परत केला.